गाऱ्हाणं वजा जाता

नदीचा वेग मोजायला नारळ वापरावा ही अक्कल माझी स्वतःची. हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल, हा शिकलेला गृहस्थ बिचाऱ्या खेडवळ माणसांवर खापर फोडतोय. अजिबात नाही. त्या हंगामात आमच्या नदीवर अडाणी माणूस एकच होता आणि त्याच्याकडे बी.एस्सी.ची पदवी होती.

साल एकोणीसशे तीसच्या आगेमागचं. पदवी घेऊन मी रत्नागिरीला घरी येऊन बसलो होतो आणि आमचे वडील दिवसातून दोनदा विचारायचे, "मग? शास्त्राचं पुढे काय करायचं ठरलं?" तेवढ्यात बातमी आली की सरकार काजळी नदीच्या खोऱ्याचा अभ्यास करणार आहे. पाऊस किती पडतो, नदीतून पाणी किती वाहतं, भरतीला खाडीचं खारं पाणी कुठवर चढतं, असं सगळं. त्यासाठी हंगामी मापक हवा होता. मी अर्ज केला आणि मला लगेच घेतलं. दुसरा अर्जच आला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

मला नेमून दिलेलं गाव खाडी संपते आणि नदी सुरू होते त्या सांध्यावर होतं. पावसाळ्यात तिथे पाणीच पाणी. पण माघ लागला की नदीची धार बारीक व्हायची आणि भरतीचं खारं पाणी वर चढून गावाच्या वाळूतल्या झऱ्यांत शिरायचं. मग बायका डोक्यावर हंडा-कळशी घेऊन कातळ चढून पलीकडच्या झऱ्यावर जात. जाऊन येऊन अर्धी सकाळ संपे. पंचक्रोशीत गावाचं नाव झालं होतं. "तिथे पोर द्यायची? त्यापेक्षा तिला पलटणीत भरती करू!" असं लोक तोंडावर म्हणत.

उपाय एकच होता, नदीला जांभ्या दगडाचा बंधारा. खारं पाणी खाली अडेल, गोडं वर साठेल. पण त्यासाठी शिमग्यापर्यंत नदीत पुरेसं पाणी वाहतंय हे दाखवायला हवं होतं. आमचे इंजिनिअर साहेब देशावरचे, पान खातानासुद्धा चुना मोजून लावणारे. त्यांनी मला निघताना बजावलं, "पाणी वाहतंय असं गाव म्हणतं. गाव काहीही म्हणेल. मला आकडे पाहिजेत. आकडे कमी आले तर बंधारा नाही."

गावात उतरल्या उतरल्या मला भेटायला आले ते गावकर. देवळात सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. म्हणजे हातात नारळ घेऊन, देवाला खणखणीत आवाजात हाक मारून, गावाला काय हवं नको ते सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. साठीचे, काटक, आवाज असा की पलीकडच्या काठावरची गुरं मान वर करतील. बरोबर त्यांचा मुलगा. तिशीला आलेला, खांद्याने रुंद, कामाला वाघ आणि बोलायला मुका म्हटलं तरी चालेल.

"सायेब, ह्येच्या पाच सोयरिकी मोडल्या," गावकर म्हणाले. "पोरीचा बाप येतो, घर बघतो, बैल बघतो, खूस व्हतो. मंग नदीवर जातो, वंजळभर पानी तोंडात घेतो, थुकतो आनि तसाच घरला जातो. बंधारा झाला तर माजी सून येल. न्हाय तर ह्यो असाच म्हातारा व्हनार."

मुलगा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा होता. मला त्याची दया आली. मी छाती काढून म्हटलं, "गावकर, चिंता करू नका. शास्त्र खोटं बोलत नाही." आज हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

मोजण्याची पद्धत तशी सोपी. वरच्या टोकाला तरंगणारा ठोकळा सोडायचा आणि खालच्या टोकाला तो किती वेळात पोचतो ते घड्याळावर बघायचं. त्यावरून वेग, आणि वेगाला नदीच्या रुंदी-खोलीने गुणलं की पाणी किती ते आलं. पण खात्याने दिलेले लाकडी ठोकळे इतके हलके की खाडीवरून वारा सुटला की ते उलटे वर जायचे. पहिल्या दिवशीच्या माझ्या वहीप्रमाणे काजळी नदी समुद्राकडून सह्याद्रीकडे वाहत होती.

तेव्हा मला नारळ सुचला. वरचं सोडण, म्हणजे काथ्याचं साल, न काढलेला नारळ निम्माअधिक बुडून चालतो, त्याला वारा लागत नाही. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी दोनदा चहा प्यायलो. गावकरांना सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी आधी पायातल्या वहाणा काढल्या.

"रोज नारळ सोडायचा? नदीला?"

"रोज सकाळी पाच."

"सरकार सोडतंय?"

"सरकारच."

"मंग सरकार लय चांगला हाय," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, शास्त्र पटलं.

नारळ ते स्वतः आपल्या झाडांचे आणत. वरच्या टोकाला ते आणि त्यांचा मुलगा, खालच्या टोकाला मी घड्याळ आणि शिट्टी घेऊन. मधे करंजांनी पाण्यावर ओणवून असा मांडव घातला होता की वरची माणसं खालून दिसत नसत. म्हणून वर एक उंच बांबू रोवून त्याला दोरीने वर चढणारं निशाण लावलं. मी शिट्टी मारायची, त्यांनी नारळ सोडताना निशाण चढवायचं, निशाण दिसलं की मी घड्याळ दाबायचं. सगळं मी कागदावर आकृती काढून समजावलं. गावकरांनी आकृती उलटी धरून बघितली आणि मान डोलावली.

पहिल्या सकाळी मी शिट्टी मारली. निशाण चढलं. आणि मागोमाग वरून दबलेला आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

काय सांगू, माझा ऊर भरून आला! शिट्टीला उत्तर देतानासुद्धा केवढी ही अदब! मी मनात म्हटलं, शिकलेल्या माणसाची बूज खेड्यात अजून आहे. थोड्या वेळाने पुन्हा, "व्हय म्हाराजा!" मग आणखी एकदा. मी खाली एकटाच होतो तरी मान लववून तो आदर स्वीकारला. बऱ्याच वेळाने नारळ डुलत डुलत आला. घड्याळ बघितलं, आकडा मांडला. नदी फार मंद.

जाळ्यात अडवलेले पाचही नारळ मी संध्याकाळी परत द्यायला गेलो तर गावकर दोन पावलं मागे सरले. "ते आता कसे घ्यायचे? तुमीच खावा." मी म्हटलं, काय हा दिलदारपणा! आणि खाल्ले. पुढे माझ्या पानात नारळ नाही असा पदार्थ उरला नाही. उसळीत नारळ, भातात नारळ, आजारी पडलो तर पेजेतही नारळ.

रोज मोजणी झाली की गावकर खाली येऊन विचारत, "आज कसा काय?"

"कमीच आहे हो, गावकर."

ते हताश होऊन जात. दुसऱ्या दिवशी आकडा आणखी कमी. त्यांनी पुन्हा विचारावं, मी पुन्हा मान हलवावी. पौष सरेपर्यंत नदी जवळजवळ रांगायला लागली. उलट "व्हय म्हाराजा" मात्र वाढत चालले होते. आधी तीनदा यायचे, मग सातदा, मग मी मोजणं सोडलं. त्यातला एक, साधारण मधला, नेहमी बाकीच्यांपेक्षा मोठ्याने येई. मला वाटे, पोरगा माझ्यावर जीव टाकतो. गावात माझा मान वाढतोय आणि पाणी घटतंय, या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात चुकूनही आलं नाही. डोंबलाचं शास्त्र!

माघात खारं पाणी चढलं. बायका कातळ चढायला लागल्या. सहावी सोयरीक आली आणि थुंकून गेली. साहेबांचं पत्र आलं की आकडे असेच राहिले तर शिमग्यानंतर फाईल बंद करू. ते पत्र मी गावकरांना वाचून दाखवलं. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट केलं आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी पहिला नारळ यायला इतका वेळ लागला की मी बसल्या जागी पेंगलो.

मग शिमगा आला. देवाची पालखी घरोघर फिरायला निघाली आणि गावकर पालखीबरोबर गेले. वरच्या टोकाला मुलगा एकटा. मी शिट्टी मारली, निशाण चढलं, मी पेंगायच्या तयारीत टेकलो आणि बघतो तर नारळ समोर हजर!

मी उठून उभा राहिलो. दुसरा नारळ, तसाच. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे धावत. पावसाचा थेंब नाही, ऊन मरणाचं, आणि नदी दुपटीहून जोरात! आणि हो, आज "व्हय म्हाराजा" एकदाही नाही. मला वाटलं, बाप नाही म्हणून पोरगा माझा मान ठेवत नाही. सांगतो ना, मला भलतंच वाटायचं!

सबंध शिमगाभर नदी धावली. दोन दिवस विचार करून मी सिद्धांत मांडला: पौर्णिमेच्या चंद्राने समुद्राला भरती येते, तशी खोऱ्यातल्या गोड्या पाण्यालाही येत असली पाहिजे. चार फुलस्केप पानं भरून साहेबांना पाठवली, वर चंद्राची आकृती. रात्री-अपरात्री आपलं नाव पुस्तकात येणार अशी स्वप्नं पडू लागली. साहेबांचं उत्तर आलं ते एका ओळीचं. चंद्राला रजेवर पाठवा आणि घड्याळ तपासा.

घड्याळ ठीक होतं. पालखी देवळात परतली, गावकर नदीवर परतले आणि नदी पुन्हा रांगायला लागली. आता मात्र माझा संयम सुटला. एका सकाळी मी खालूनच शिट्टी मारली आणि काठाकाठाने पळत सुटलो. काट्यांत धोतर फाटलं. करंजाच्या बुंध्याआड पोचलो तेव्हा निशाण कधीचं चढलेलं होतं, आणि नारळ?

नारळ गावकरांच्या दोन्ही हातांत होता. गुडघाभर पाण्यात उभे, डोळे मिटलेले, आणि तो खणखणीत आवाज नदीच्या कानात सांगावं तसा खाली आणलेला.

"बा देवा म्हाराजा! बारा वाटंच्या राखनदारा! आज जो काय ह्यो सरकारी नारळ तुज्या पायाशी ठेवतोय, तो गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा," मुलगा म्हणाला.

"आमच्या नदीला पानी कमी दिसतंय असा सायेब बोलतोय, तर त्या सायबाच्या घड्याळाला बरी बुद्धी दे!"

"व्हय म्हाराजा!"

"देशावरच्या मोठ्या सायबाचं मन वळू दे! बंधारा होऊ दे! आयाबायांच्या डोक्यावरचा हंडा उतरू दे!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि ह्यो जो काय माजा लेक हुबा हाय, त्येच्या पदरात एक बरी बायको पडू दे!"

"व्हय म्हाराजा!!" हा तो मधला, मोठ्याने येणारा.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पुढे गावातली गुरं, मुंबईला गेलेली पोरं, गलबतावर गेलेले खलाशी, माझं पोट (पाणी बाधू नये म्हणून), सगळ्यांची वर्णी लागली. मग कुठे गावकरांनी वाकून नारळ पाण्यावर अलगद ठेवला.

मी झाडाआडून बाहेर आलो आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, आठवलं तरी लिहिता येणार नाही. नारळ आधी सोडायचा होता! निशाण त्याच क्षणी चढवायचं होतं! तीन महिने मी नदीचा वेग मोजत नव्हतो, गावकरांच्या गाऱ्हाण्याची लांबी मोजत होतो!

गावकर गोंधळले. "पन सायेब, नारळ दोन हातांनी द्यायचा. मंग निशान आधीच नको चढवायला? आनि रिकाम्या तोंडानं नारळ पान्यात कसा टाकायचा? तो काय कचरा हाय?"

"अहो, पण ते सगळं बोलणं घड्याळात धरलं जातं! तुम्ही जितकं जास्त बोलाल तितकं पाणी कमी दिसतं!"

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते पाण्यातच दगडावर बसले.

"म्हंजी मी बंधारा मागत व्हतो, म्हनून बंधारा जात व्हता?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज सकाळी "कमीच आहे" म्हणून त्यांना परत पाठवणारा मीच होतो, आणि ते दुसऱ्या दिवशी जीव तोडून आणखी मागत होते. मुलगा बापाकडे बघत निशाणाची दोरी धरून उभा होता. मी त्यांच्या शेजारच्या दगडावर बसलो आणि म्हटलं, "गावकर, चूक माझी आहे. निस्तरू."

पण निस्तरायचं कसं? हंगाम संपत आला होता. एकच वाट होती. प्रत्येक दिवसाच्या गाऱ्हाण्याला किती वेळ लागला ते काढायचं आणि वहीतल्या आकड्यांतून वजा करायचं. पुढचे आठ दिवस दुपारी मी गावकरांच्या पडवीत वही आणि घड्याळ घेऊन बसलो. "मार्गशीर्षातली एकादशी. त्या दिवशी काय मागितलंत?" गावकर डोळे मिटून आठवत. "त्या दिशी म्हस व्याली व्हती. तिचा बी सांगितला." मग ते गाऱ्हाणं जसंच्या तसं घालत आणि मी घड्याळ दाबत असे. मुलाला "व्हय म्हाराजा" म्हणायला समोर बसवावं लागे, नाहीतर वेळ कमी भरायचा. लग्नाच्या ओळीला तो शास्त्रासाठी म्हणूनसुद्धा आवाज चढवायचा. मी तक्ता केला आणि शेवटच्या रकान्याला मथळा दिला, "गाऱ्हाणं वजा जाता." त्या रकान्यात पाणी भरपूर होतं.

तक्ता पोचला आणि आठवड्यात साहेब स्वतः होडीतून आले. तक्ता काखेत होता, त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "नोकरीत इतकी वर्षं झाली, वजाबाकीत देव आलेला पहिल्यांदा पाहिला." मग हुकूम सुटले. घड्याळ घेऊन खाली ते स्वतः बसणार. वर मी. शिट्टी झाली की नारळ सुटला पाहिजे. ओहोटीच्या आत त्यांना परतायचं होतं. आणि वरून एक शब्द जरी कानावर आला तरी मोजणी रद्द, फाईल बंद.

मी गावकरांना सांगितलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून मान डोलावली.

पहिली शिट्टी. गावकरांनी नारळ सोडला, मुलाने निशाण चढवलं. अवाक्षर नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्याला त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. रोज पाचदा देवाशी बोलणारा माणूस, आणि ऐन बंधाऱ्याच्या दिवशी तोंडाला कुलूप! मीही दुसरीकडे बघत राहिलो.

पाचवी शिट्टी झाली. नारळ हातातून सुटेना. ओठ उघडले आणि जन्माची सवय उसळून वर आली. "बा दे—"

तोवर मुलगा पाण्यात झेपावला होता. ज्याने बापापुढे कधी मान वर केली नव्हती त्याने एका हाताने बापाचं तोंड दाबून धरलं. धक्क्याने नारळ पाण्यात पडला, आणि दुसऱ्या हाताने मुलाने बरोबर ओढत आणलेली निशाणाची दोरी खेचली. निशाण चढलं. दोघे तसेच उभे, बापाचे डोळे मुलाच्या पंजावर वटारलेले, आणि मी श्वास धरून खालच्या बाजूला कान लावलेला. खालून काही ओरडा आला नाही.

मुलाने हात काढला आणि मान खाली घातली. गावकरांनी उपरण्याने तोंड पुसलं. "बरा केलास," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पन ह्या पाच नारळांचा गाऱ्हाना माज्यावर बाकी ऱ्हायला हां, सायेब."

साहेबांचे आकडे तक्त्याशी जुळले. पाणी पुरेसं होतं. त्यांनी मला शाबासकी दिली नाही. अहवालात फक्त एक ओळ घातली की यापुढे या खोऱ्यात वेग मोजण्यासाठी नारळ वापरू नये. ते पाच नारळ मात्र होडीत घालून घेऊन गेले.

बंधारा पुढच्या हंगामात झाला. माघातल्या अमावास्येच्या उधाणाला मी मुद्दाम गेलो. सगळं गाव काठावर. खारं पाणी चढत चढत आलं, जांभ्याच्या भिंतीला लागलं आणि थांबलं. पलीकडे गोडं पाणी गप्प उभं. सातव्या सोयरिकीतला मुलीचा बापही त्या दिवशी आला होता. घर बघून झालं होतं, बैल बघून झाले होते. तो खाली उतरला, ओंजळ भरली आणि पाणी तोंडात घेतलं. सगळं गाव त्याच्या गळ्याकडे बघत होतं. गावकरांचा मुलगा तर बघतही नव्हता, डोळे मिटून उभा होता.

त्या माणसाने पाणी गिळलं. जरा थांबला आणि दुसरी ओंजळ भरली.

बायकांनी असा कल्ला केला की बगळे उडाले. गावकर हातात नारळ घेऊन बंधाऱ्यावर चढले. सवयीने मीही खिशातलं घड्याळ काढून दाबलं. म्हटलं, बघू तरी, पाच नारळांची बाकी किती निघते. गावकरांनी देवाला हाक मारली, आभार मानले, त्या मुक्या सकाळची माफी मागितली, साहेबांच्या होडीची, घड्याळाची, चुन्याच्या डबीचीसुद्धा खुशाली मागितली. प्रत्येकाला गाव "व्हय म्हाराजा" म्हणत होतं. मग ते माझ्याकडे वळले.

"आनि ह्यो जो काय मापाचा सायेब हितं हुबा हाय, म्हाराजा, चुकला असंल, पन आमच्या शेजारी दगडावर बसला. ह्येला बी एक बरी बायको दे!"

"व्हय म्हाराजा!!"

सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा ते मला वळून बघायची गरज नव्हती. मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिलो. घड्याळ बंद करायचं राहूनच गेलं.